आळीचा काना

पुण्यात शिकायला आले तेव्हा 'आळी' हा शब्द मला माहीत नव्हता. आमच्या वऱ्हाडात वस्तीला पुरा म्हणतात. कसबा पेठेत पहिल्यांदा मीच लिहिलेली पत्रकं वाटायला गेले आणि दारासमोर बांबू फाडत बसलेल्या एका बाईंना विचारलं, "ही बुरूड अळी का?"

त्यांनी कोयता थांबवला नाही. "अळी भाजीत असते. ही आळी. काना दे."

तेव्हापासून त्या माझ्या मावशी.

त्यांच्या आळीत घरं म्हणजे एकेक खोली. अख्खा बांबू आत आडवा मावत नाही. म्हणून घर आणि रस्ता यांच्यामधली पट्टी हाच कारखाना. तिथे बांबू फाडायचा, तिथेच सूप, रोवळी, दुरडी विणायची. वॉर्ड ऑफिसच्या नोटिशीत ही पट्टी फुटपाथ होती आणि तिच्यावर बसलेली माणसं अतिक्रमण. नियमात एक सवलत मात्र होती: वस्ती जुन्या कारागिरांची असल्याचं दाखवलंत, तर कामाची जागा राहील.

मला वाटलं, सोपं आहे. आमच्या राज्याच्या इतिहासाचं एक मोठं संकेतस्थळ आहे. जुने नकाशे, दफ्तरं, गावोगावचे कागद स्कॅन करून ठेवलेले, शिवाय शिक्षकांसाठी पेठनिहाय, तालुकानिहाय पाठ. कर्वेनगरच्या खोलीत बसून मी त्यावर माझ्या गावचे कागद पाहिले होते, फुकट, कुणाची चिठ्ठी न आणता. त्यावर मी पत्रकही लिहिलं होतं: ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट नाही, त्यांच्या मोबाइलमध्ये आता दफ्तरखाना आहे. ते वाक्य मला आजही खरं वाटतं. संताप त्याचाच येतो.

सुनावणीला वॉर्ड ऑफिसच्या साहेबांनी अर्जाला जोडलेलं माझं ते पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. "भाषा जोरदार आहे. पुरावा कुठाय?"

"मी आहे की," मावशी म्हणाल्या. "माझी सासू तिथंच बसायची. तिची सासूपण."

"आपण आहात, पण आपण कागद नाही," साहेब अगदी नम्रपणे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ते संकेतस्थळ आम्ही मानतो. त्यावर दाखवा. आत्ताच शोधा की."

मी 'बुरूड आळी' टाइप केलं. उत्तर आलं: एकही नोंद आढळली नाही.

"अरेरे," साहेब म्हणाले. "आपणच गौरवलेलं ना हे?" आणि पुढची तारीख दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींच्या दारात बसून शोधत राहिले. बुरूड, वेळूकाम, पेठेचं नाव, नदीकाठ, काही म्हणता काही लागेना. शेवटी पहिल्या दिवशी मी जे बोलले होते, तेच टाइप केलं. काना न देता.

लगेच सापडलं. विभाग: शेती, कीड व रोग. शीर्षक: बुरूड अळी.

उघडलं तर पेठेचा जुना नकाशा. त्यावर ठसठशीत अक्षरांत 'बुरूड आळी', शेजारी विहीर, पुढे नदीकडे जाणारी वाट. अक्षरं मशीनने वाचली होती आणि वाचताना काना गाळला होता. मग त्या वाचलेल्यावरून कुणीतरी, किंवा कशानेतरी, माहिती लिहिली होती: 'ही अळी पेठेच्या उत्तर भागात आढळते. विहिरीजवळ तिचे प्रमाण अधिक असावे.' खाली शिक्षकांसाठी उपक्रम: 'विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरात ही अळी दिसते का, याचे निरीक्षण करावे.' चढवणाऱ्यापासून मंजूर करणाऱ्यापर्यंत एकानेही नकाशा उघडून पाहिला नव्हता.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. मावशी हसत सुटल्या, पदर तोंडाला लावून. "मग फवारणीच करायला येणार म्हणायची." हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "विहीर दाखवलीय ना? मग आमचीच आळी. ती बुजवली, आता तिथं गाड्या लावतात."

संकेतस्थळाचं ऑफिस स्वारगेटच्या पलीकडे, काचेच्या इमारतीत. टेबलामागचा मुलगा माझ्याच वयाचा असावा.

"ऑनलाइन सूचना टाका."

"मी समोर उभी आहे."

"हो, पण सिस्टिमला तुम्ही दिसत नाही ना."

"फक्त एक काना लावायचाय."

"मॅडम, काना लावायला समिती बसते." तो थट्टा करत नव्हता. समिती खरंच होती. मी सूचना टाकली. आभाराचा मेल आपोआप आला आणि त्यापुढे काही नाही.

पुढच्या तारखेला मी नकाशाची मोठी प्रिंट साहेबांच्या टेबलावर पसरली. त्यांनी चष्मा बदलला, वाकून पाहिलं, विहिरीवर बोटही ठेवलं.

"आळी दिसते. नाकारत नाही."

"मग?"

"नोंद अळीची आहे. मी नोंदीवर निर्णय देतो, चित्रावर नाही. उद्या कुणी कोर्टात गेलं तर मी नकाशे वाचत बसलो म्हणून मीच अडकेन."

"साहेब, आपल्याला मराठी येतं ना?"

"येतं. म्हणून तर सांगतोय, शीर्षक वाचा."

सवलत नाकारली गेली. बाहेर पडताना मावशी एवढंच म्हणाल्या, "पोरी, त्यांना कळलंय सगळं."

तेच. कळलं नसतं तर समजावता आलं असतं. पत्रकं काढून मी इतकी वर्षं तेच करत आले होते, न कळणाऱ्यांना समजावणं. कळून बसलेल्या माणसाला द्यायला माझ्याकडे पत्रक नव्हतं.

मग एका सकाळी ट्रक आला. बांबू नेले, कोयते नेले, मावशींचा बसायचा दगडही नेला. दगड कशाला, हे विचारलं तर हातमोजे घातलेला माणूस म्हणाला, "वरून सांगितलंय, पट्टी साफ पाहिजे." आता तिथे ठोकळे बसवलेत, कुंड्या आहेत आणि कुंड्यांना टेकून स्कूटर. अख्खा बांबू खोलीत शिरत नाही, त्यामुळे मावशींचं विणणं संपलं. गौरींच्या आधी त्या बाहेरून आलेली तयार सुपं घेऊन मंडईजवळ कापडावर बसतात. गिऱ्हाईक नसलं की एकेक सूप उलटं करून काठ चाचपतात आणि नाक मुरडतात.

समितीही बसली म्हणायची, कारण परवा सहज शोधलं तर नोंद आली. पहिल्याच फटक्यात. मी मावशींकडे गेले आणि वाचून दाखवलं: 'बुरूड आळी. पारंपरिक कारागीर वस्ती. येथे पूर्वी बुरूड समाज बांबूकाम करीत असे.'

"काना दिला?"

"दिला."

"'पूर्वी' कुणी लिहिलं?"

"माहीत नाही, मावशी."

"कुणी का लिहिना, ते मात्र बरोबर लिहिलंय." दारातून त्यांनी कुंड्यांकडे पाहिलं. "खाली अजून काही आहे का?"

होतं. शिक्षकांसाठी उपक्रम. मी वाचला: 'विद्यार्थ्यांनी या वस्तीस भेट देऊन काम करणाऱ्या कारागिरांशी संवाद साधावा.'

मावशींनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "आणि पोरं खरंच आली, तर कुठं बसवू त्यांना?"