पन्नास नंबरचं तेल

दुष्काळाच्या साली गावात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि मी मात्र गाडीला कुठलं तेल घालावं या पंचाइतीत! गाडी वडलांची, तीस वर्षं जुनी. ते आदल्या वर्षी गेले आणि ती माझ्या गळ्यात पडली. राहुरीतलं माझं दुकान बंद करून मी रोज संध्याकाळी तिनंच देवळाली प्रवराला घरी यायचो.

इंजिन पार झिजलेलं. टकटक, टकटक आवाज वेशीपासून ऐकू यायचा. तो कानावर पडला की आई चुलीवर पाणी ठेवायची आणि दारात येऊन म्हणायची, "आला व्हय? लई उशीर केला आज." मला नव्हे, वडलांना. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि डोक्यातून वडलांचं मरण पुसून गेलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला. ती मला ताट वाढायची, आणि मी उठलो की नवऱ्यामागं बायकोनं जेवावं तशी त्याच उष्ट्या ताटात जेवायची. "अगं, मी आहे, मी!" असं ओरडायचो. ती हसून म्हणायची, "पुरं झाली थट्टा."

राहुरीच्या मेकॅनिकनं एकदा इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, तेल बोटांत चोळलं आणि तोंड वाकडं केलं. "आजवर तीस नंबर घालत आलात. इंजिन म्हातारं झालंय, त्याला आता पन्नास नंबरचं जाड तेल पायजे. न्हाईतर बसंल एक दिवस. आन् ह्यो आवाजबी जाईल."

इंजिनाची मला कसली आलीय पर्वा! आवाज जाईल, एवढंच मी ऐकलं. "घाला," म्हटलं.

त्या संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली तरी आई उठली नाही. मी आत जाऊन हाक मारली. तिनं मान वर केली.

"तू व्हय रं? कधी आलास, बाळा?"

वर्षभरानं तिनं मला ओळखलं होतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो.

मग मी दोघांची ताटं वाढली, तर म्हणाली, "तू जेव. मी त्यांच्या मागनं जेवीन. गाडी वाजली न्हाई अजून."

झालं! दाराकडं कान लावून ती बसली ती बसलीच. दुसऱ्या दिवशीही तेच. मी समजावलं, चिडलो, पाया पडलो. शेवटी वडील गेले म्हणून सरळ सांगितलं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "अभद्र बोलू नगं." अन्नाचा कण नाही, आता पाणीही घेईना. तिच्याशेजारी बसून बसून मलाही वेशीकडून टकटक ऐकू यायला लागली. गाडी तर दारातच उभी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मेकॅनिक गाठला. "काढा हे. पातळ घाला."

"इंजिन मारायचंय व्हय?"

"मरू द्या!"

संध्याकाळी टकटकत घरी आलो. आई भिंत धरून दारात उभी. "आला व्हय?" मी गुमान जेवलो. माझ्या ताटात ती जेवायला बसली आणि दुसऱ्या घासाला म्हणाली, "पोरगं आलं हुतं वो. दोन दिस तुमची वाट बघितली. लई रडलं बिचारं, आन् गेलं."

"पुढच्या खेपेला थांबवून घे त्याला," मी म्हणालो.