नकाशावरचा सोपा घाट

दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात जुन्या रेल्वे-नकाशांचं प्रदर्शन भरलं होतं. मी कॉलेजात भूगोल शिकवते, म्हणून नकाशांखालचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ते हौसेने घेतलं.

ते नकाशे वाट दाखवायला काढलेलेच नव्हते. रेल्वे कंपन्यांनी ते विलायतेतल्या पैसेवाल्यांसाठी छापले होते, शेअर खपावेत म्हणून. आपली लाइन जाड, लाल, पट्टीने ओढल्यासारखी सरळ. दुसऱ्या कंपनीची केसाएवढी. मधली गावं गायब. मुंबई-पुण्याच्या नकाशात तर अख्खा बोरघाट चार नाजूक रेघांत उरकला होता, आणि कोपऱ्यात झाडाखाली विसावलेलं एक साहेबी जोडपं. ते पाहून माझं डोकंच फिरलं.

वडिलांचे पणजोबा अंगावर पीत होते, तेव्हा त्यांचे वडील हाच घाट फोडायच्या कामाला गेले. तिथे पटकीची साथ आली आणि ते तिथेच संपले. त्यांना पुरलं की जाळलं, कुठे, हे घरात कधीच कुणाला कळलं नाही. मी नकाशाखाली लिहिलं, की कंपनीने इतका सोपा दाखवलेला हा घाट फोडताना असंख्य मजूर मेले, आणि त्यांतला एक आमच्या घरातला होता.

संयोजक निवृत्त इंजिनिअर होते. मजकूर उत्तम आहे, पण शेवट जरा जड होतो, लोक मुलाबाळांना घेऊन येतात, असं ते म्हणाले. मुलांनाही कळू दे, असं मी म्हटल्यावर 'बघू' म्हणून हसले. मी तो होकार समजले आणि आपल्या माणसाबद्दल लिहिलंय, असं घरी वडिलांना सांगून टाकलं.

उद्घाटनाला वडील कोथरूडहून रिक्षाने आले. ऐंशी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. घाटाच्या नकाशापुढे त्यांनी चष्मा पुसला आणि ओळींखाली बोट फिरवत वाचू लागले. शेवटाला पोचले आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. मग हळूच विचारलं, "कुठे लिहिलंयस, बाळा?"

मी वाचलं. माझं शेवटचं वाक्य नव्हतं. त्या जागी 'अवघड घाटावर मिळवलेला देखणा विजय' असं होतं आणि खाली माझं नाव.

संयोजकांना गाठलं. ते पाहुण्यांना गुलाब देत होते.

"मॅडम, जागा कमी पडली हो."

"देखण्या विजयाला पुरली की."

आपण नंतर बोलू, असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. मी नोंदणीच्या टेबलावरचा मार्कर उचलला, नकाशाखालच्या फलकावरचं माझं नाव खोडलं आणि गाळलेलं वाक्य तिथेच लिहून काढलं. रागाच्या भरात अक्षरं वेडीवाकडी पडत होती. मागे माणसं जमली. संयोजक धावत आले, हे आपल्याला शोभत नाही म्हणाले. मी लिहून पूर्ण केलं आणि वडिलांना घेऊन बाहेर पडले.

रिक्षात, डेक्कनच्या सिग्नलला वडील म्हणाले, "अक्षर जरा नीट काढायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिलं. फलक काढून टाकला होता. नकाशा जागच्या जागी होता आणि त्यातल्या साहेबी जोडप्याशेजारी उभं राहून एक कुटुंब फोटो काढत होतं. ते संयोजक अजूनही सणावाराला शुभेच्छा पाठवतात. मी एकालाही उत्तर दिलेलं नाही.