हौदाचं बटण

आमच्या अंगणातला बोअर माझा नवरा आणि दीर, या दोघा भावांनी मिळून पाडला होता. वाटणीत तो माझ्या बाजूला आला, म्हणून पाणी माझं झालं असं मी कधी धरलं नाही. ते दोघेही गेले. मी आणि धाकटी जाऊ उरलो. वीज आली की मी भिंतीवरचं हिरवं बटण दाबायचे, बाहेरचा हौद भरायचा, तिच्या शेळ्या पाणी प्यायच्या आणि ती घागर भरून न्यायची. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग माझ्या मुलाचं आणि तिच्या मुलाचं बांधावरून वाजलं. माझा मुलगा पुण्याला असतो. पेरणीला येत नाही, भांडायला आला. नंतर थोड्या दिवसांनी बीडहून एक फिटर घेऊन आला.

“आई, तुझे गुडघे दुखतात. आता लाईट, पंखा, मोटार सगळं एका काचेवर. मला पुण्यातूनपण फोनवर करता येईल.”

गुडघे दुखतात हे खरं होतं. मी बरं म्हणाले.

फिटरने दाराजवळची भिंत फोडून लोखंडी डबा बसवला आणि त्यात तारा कोंबल्या. जुन्या बटणाची पेटी पोत्यात घातली. हौदाच्या नळीवरची तोटी काढून विजेवर उघडणारी लावली. वरची काचेची पाटी मात्र बसेना. गिलावा फुगलेला, एका अंगाला बोटभर फट राही. तो छिन्नीने खरवडायचा, पाटी लावून बघायचा, पुन्हा काढायचा.

“आजी, गिलावा कुणी केलता? लई वाकडा हाय.”

“करणारा मेला. तू तुझं बघ.”

शेवटी पाटी टक्कन बसली आणि काचेवर चित्रं उजळली. मी हौदाच्या चित्राला बोट लावलं, बाहेर पाणी पडलं. जाऊ बघत होती. “नवरीला हळद लावल्यागत बोट लावायचं म्हना की, बाई,” म्हणाली. दोघी हसलो.

मुलगा पुण्याला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच चित्राला बोट लावलं, तर त्यावर लाल कुलूप आलं. मी फोन केला.

“बिघडलं का रं?”

“नाही. मीच बंद केलंय. तुझ्या घरावरच्या टाकीत पाणी येतंय ना?”

“शेळ्यांनी बांध कोरला का तुझा?”

“आई, तू यात पडू नको.”

जाऊ घागर घेऊन दारात उभी होती. मी म्हणाले, “तूच बघ हात लावून.” तिने लावला. कुलूप बघून म्हणाली, “माज्यासाठी हाय व्हय? आदी सांगायचं, घागर तरी घासली नसती.”

मग मी तिला घरातल्या नळाची बादली भरून देऊ लागले. एकदा ती बादली उचलत असतानाच मुलाचा फोन आला. मला कमी ऐकू येतं, म्हणून त्याचा आवाज घरभर होतो.

“फोनवर टाकी अर्धी दिसतेय. इतक्यात कशी उतरली?”

“अंघोळ केली.”

“दोनदा?”

जावेने बादली खाली ठेवली. “चोरून दिल्यालं पानी नगं, बाई. उद्या तुमालाबी मोजून दील.” त्यानंतर ती आली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला शेळ्या विकल्या.

मी उलथणं घालून पाटी उचकटली. वाटलं, आत एखादं बटण असेल. आत नुसत्या तारा होत्या. परत लावली ती तिरकी बसली.

मुलगा आला, चप्पल काढायच्या आधी त्याला ती फट दिसली.

“हे कुणी काढलं?”

“मी.”

का म्हणून त्याने विचारलं नाही. तळहाताने दाबून पाटी बसवली. मी म्हणाले, हौद सोड. म्हणाला, “आधी बांधाचं मिटू दे.”

तो गेल्यावर मी कळशी घेऊन गावच्या नळावर गेले. रांगेत जाऊ माझ्यापुढे होती. वळून म्हणाली, “घरी पानी असून हितं? मानसांना दावायला?”

ती भरून गेल्यावर मी पुढे सरकले. कळशी भरून घरी आणली. आता रोज आणते, तेच पिते. टाकीचं पाणी भांड्याला वापरते. रांगेत जाऊ असते. आपली घागर भरते आणि निघून जाते.