घंटेखालचे हात

शाम्पूच्या पुड्यांच्या माळांखाली बसून आमच्या गल्लीतलं किराणा दुकान चालवणारी ती बाई हसण्याआधी तळहात ओटीपोटावर दाबून धरायची. शिंक आली तरी तसंच.

"शिजरचं हाय, ताई. लेकरू पळाया लागलं, पर दुखनं हाय तिथंच हाय."

पोट चिरून पोर झालं, कळा सोसल्याच नाहीत, मग आराम कशाला, म्हणून सासूनं सव्वा महिना व्हायच्या आतच तिला पाण्याच्या घागरी उचलायला लावल्या. गल्लीत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

एकदा आम्ही धर्मापुरीच्या देवळात गेलो. बाया लेकरांना उचलून घंटा वाजवू देत होत्या. तिच्या पोरानं तिच्याकडे बघून हात वर केले.

"ताई, तुमीच उचला की," ती मला म्हणाली. मी उचललं. घंटा वाजली, तशी ती टाळ्या पिटत राहिली.

परवा पुन्हा गेलो. पोरगा आता चांगला उंच झालाय. त्यानं टाचा उंचावून स्वतःच घंटा वाजवली आणि आत पळाला. ती मागेच उभी होती, लेकरू उचलायला करतात तसे दोन्ही हात पुढे करून.