आत्याची पैठणी आणि एक इंग्रजी शब्द

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी इस्त्रीचे कपडे कपाटात लावत होते. फोन ठेवला आणि पुन्हा कपडेच लावत बसले... हातांना दुसरं काही सुचेना. आता महिना उलटलाय. सुमनआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, विणकराची लेक. लग्न केलं नाही, येवल्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. टेबलावर एक जाडजूड इंग्रजी कोश, पाठीला कापडी पट्टी लावलेला. एखादा शब्द भेटला की त्याचं माहेर शोधल्याशिवाय ती त्याला सोडत नसे.

आजोबांनी मागावर शेवटच्या दोन पैठण्या विणल्या. एक आत्याला दिली, एक माझ्या लग्नात मला. माझी मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात अगदी तळाशी ठेवली. अकरा वर्षं हातसुद्धा लावला नाही. भावाच्या लग्नाला काढली तर पदरावरचे मोर घडीच्या रेषेवर सरळ चिरलेले! एसटीत रडत रडतच येवला गाठलं. आत्या चांगली फैलावर घेईल याची खात्री होती.

तिने चिरेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "डिस्प्ले म्हणजे काय गं?"

माझी साडी फाटली आणि हिचा तास सुरू! मी वैतागून म्हणाले, "प्रदर्शन. चारचौघांत दाखवणं."

"ते आताचं. मुळात घडी उलगडणं. लॅटिनमध्ये प्लिकारे म्हणजे घडी घालणं, आणि त्याच्या आधी जोडलेलं डिस ती घडी सोडवतं. फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तेव्हा झेंडा उलगडून फडकवायला हा शब्द वापरत. दुकानातली काच, तुझ्या मोबाइलचा पडदा, हे सगळं फार नंतरचं. कॉम्प्लिकेटेडही त्याच घरातला, घड्यांत घड्या पडलेला."

मी रडायचंच विसरले. शेकडो वर्षांचा प्रवास करून एक शब्द येवल्यातल्या त्या खोलीत, माझ्या फाटक्या पदरापाशी येऊन बसला होता, आणि माझ्या आत्याला तो घरच्या माणसासारखा ओळखत होता. तिच्याकडे बघताना मला खरंच थोडी भीती वाटली. मग तिने मलमलीत गुंडाळलेली आपली पैठणी उलगडली. एवढी जुनी, पण कुठे चीर नाही. "मधूनमधून उलगडायची, वारा द्यायचा, पुन्हा ठेवताना घडी बदलायची," ती म्हणाली. "पण तू ही नेसतेस कधी?" मी विचारलं. ती हसली आणि कपाट लावून घेतलं.

ती का हसली ते दहाव्याला कळलं. तिची जुनी विद्यार्थिनी सविता भेटायला आली होती, कांद्याच्या शेतावरून तशीच. म्हणाली, "ताई, माझ्या लग्नात बाईंचीच पैठणी नेसले व्हते मी. आमची कुठली ऐपत! मी नको म्हनले, तर बाई म्हनल्या, अगं तिला वारा लागाया पायजे, तेवढं माझं काम कर."

...तेवढं माझं काम कर. देणारीच अशी विनवणी करते! मी उठून आत गेले, कपाटाची दारं धरून पोटभर रडले.

मग आत्याच्या पैठणीवरची मलमल उलगडली, तर घडीत एक वही होती. तिच्यात आत्याच्या वळणदार अक्षरात नुसती मुलींची नावं, पानामागून पानं, त्यांत सविताचंही. तिचं स्वतःचं कुठेच नाही. शेवटचं नाव थरथरत्या हाताने लिहिलेलं, माझं.

ती पैठणी मी नाशिकला आणली आणि दोन आठवडे तिला शिवले नाही. हीही फाटली तर आजोबांचं धड असं काहीच उरणार नव्हतं. गेल्या रविवारी मात्र नेसले. जिना उतरून शेजारपाजारी मिरवून आले. संध्याकाळी घडी बदलून ठेवताना सविताला फोन केला. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. ती नको नको म्हणत राहिली, तेव्हा आत्याचंच वाक्य मी तिला ऐकवलं. वहीत माझ्या नावाखाली तिच्या मुलीचं नाव लिहिलंय. मायलेकी उद्या साडी न्यायला येणार आहेत.