चालून दाखव

"चालून दाखव बरं."

आबासाहेब ओसरीवर खुर्चीत बसले होते. हातात चहाची बशी. बाजूला गावातली चार माणसं, सतरंजीवर. माझा नवरा माधव खाली पायरीवर बसलेला, रुमाल गुडघ्यावर ठेवून. मी अंगणात उभी, काखेत कुबडी.

मी माधवकडे पाहिलं. तो रुमालाकडे बघत होता.

मी चालले. तुळशीपासून दावणीपर्यंत गेले आणि वळले.

"कुबडी ठिव. बिगर कुबडीची चाल."

कुबडी दावणीला टेकवली. भिंतीचा आधार घ्यायला हात गेला, तो मागे घेतला आणि चालले. डावी मांडी आतून सोलल्यासारखी दुखत होती. पाय बाहेर फेकत फेकत तुळशीपर्यंत आले. बैलबाजारात जनावर घेताना असंच चालवून बघतात. पाय ओढतो का, खूर धरतो का. मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. जनावराची तेवढी तरी अब्रू राखतात. माझ्यासाठी कुणी रुमालसुद्धा धरला नाही.

"लय न्हाई लंगडत," आबासाहेब माझ्या नवऱ्याला म्हणाले. "बाईमानसाला कुठं शर्यत पळायची हाय?"

सतरंजीवरची माणसं हसली. त्यात तात्या होते, माझे चुलत सासरे. घरात मी त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोलले नाही. ते सगळ्यांत शेवटी हसले, पण हसले.

हे कशावरून झालं ते सांगते.

आमच्या गावात सून मोटारसायकलवर बसून पारासमोरून जात नाही. वेशीत उतरायचं. पदर नाकापर्यंत ओढायचा. मारुतीच्या पारावर म्हातारी माणसं बसलेली असतात, त्यांच्यासमोरून चालत जायचं. पुढे पिठाच्या गिरणीपाशी नवरा गाडी घेऊन थांबलेला असतो, तिथं पुन्हा बसायचं. आजारी असो, पोटुशी असो, डोक्यावर ऊन असो, उतरायचं. लेकींना ही अट नाही, फक्त सुनांना. आणि आबासाहेबांच्या सुनांना नाही, कारण त्या काळ्या काचांच्या चारचाकीतून जातात. चारचाकीला वेस लागत नाही. ही रीत कुणी लावली, कुणाला ठाऊक नाही. मोडायची हिंमत मात्र कुणाच्या बापाची नव्हती.

ताडकळसचा बाजार करून आम्ही येत होतो. वेस आली तशी माधवने गाडी कडेला घेतली. रोजच्यासारखीच. मी एका बाजूला बसलेली. एक पाय खाली टेकवला, पदर ओढला, मांडीवरची पिशवी सावरली. मागून गाडीचा आवाज आला म्हणून मान वळवली. आबासाहेबांची पांढरी चारचाकी. बाजूच्या काचा काळ्या असतात, पुढची साधीच असते. स्टेअरिंगवर त्यांचा धाकटा, बंटी. मान वाकडी करून फोन कानाला लावलेला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि त्याचं रस्त्याकडे लक्ष नव्हतं.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मोटारसायकल माझ्या अंगावर. पिशवीतले टमाटे रस्ताभर. माधव गटाराकडे उडालेला, त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलेलं. आणि माझा पदर अजून नाकावरच. एक बाई ओरडली, "सूनबाईचं रगत बघा!" तेव्हा कुठं पारावरची माणसं उठली.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात मांडीत सळई घातली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पाय आखूड झाला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उघडून सरळ करावं लागेल, नाहीतर कंबर जाईल. खुरपायला बसता येत नाही. वेचणीला वाकता येत नाही. मला संडासाला बसता येत नव्हतं, तर सासू धरून बसवायची. हे लिहिताना लाज वाटत नाही. लाज वाटायची ती दुसऱ्यांना वाटायला पाहिजे.

मी खाटेवर असतानाच पोलिसांचे कागद झाले होते. गाडी चालवणाऱ्याचं नाव : किशन. किशन हा आबासाहेबांचा सालगडी. त्याच्याकडे लायसन होतं, बंटीकडे नव्हतं. अपघात झाला त्या वेळी किशन मळ्यात पाण्यावर होता. त्याची बायको राधा हे जाणत होती, आम्ही जाणत होतो, अख्खं गाव जाणत होतं. पारावरच्या माणसांचे जबाब घेतले. तात्यांचा जबाब वकिलाने मला वाचून दाखवला. सून वेशीत उतरताना दिसली की आम्ही रिवाजाप्रमाणे माना खाली घालतो, म्हणून गाडी कोण चालवत होतं ते दिसलं नाही. इतरांनीही तेच लिहून दिलं. माझ्या अब्रूसाठी अख्ख्या पाराने डोळे मिटले होते म्हणे.

परभणीच्या कोर्टात आम्ही भरपाईचा दावा टाकला. त्याच आठवड्यात ओसरीवर बोलावणं आलं.

मला चालवून झाल्यावर आबासाहेबांनी बशी खाली ठेवली.

"हे बघ सूनबाई. कोर्टात किशनचं नाव कायम ठिव. इमा कंपनी पैसे दील. तुझं आपरेशन व्हईल. आमचं पोरगं वाचंल. कुणाचं काय बिघडायलंय?"

"आन् किशनचं?" मी विचारलं.

"किशनचं आमी बघूत. तो आमचाच माणूस हाय."

मग ते माधवकडे वळले. "तुझी वाट आमच्या बांधावरून जाती, माधवा. कधी आडवलं का रे आमी?"

एवढंच बोलले. एवढं पुरे होतं. त्या वाटेशिवाय आमच्या तुकड्यात बैलगाडी जात नाही, सोयाबीन बाहेर निघत नाही. माधवचा चेहरा उतरला.

आमचे वकीलही तेच म्हणाले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "बाई, कागदावर किशन आहे. तुम्ही कागदाबाहेर बोललात तर कंपनी म्हणेल, चालवणाऱ्याकडे लायसन नव्हतं, आम्ही का द्यावं? मग भांडण आबासाहेबांवर जाईल. केस लांबेल. तुमच्या पायाला तेवढा वेळ आहे का? ते विचारतील, किशन होता ना? हो म्हणा आणि खाली उतरा."

घरात रोज तीच कुरबुर. माधव ओरडायचा नाही, विनवायचा. ते जास्त जड जायचं. "एक शब्द हाय गं. हो म्हनायचं. तुझा पाय सरळ व्हईल." मलाही पाय हवा होता. खोटं कशाला बोलू, मला तो सत्यापेक्षा जास्त हवा होता. रात्री कूस बदलताना ओठ चावावा लागतो तेव्हा माणूस तत्त्वं मोजत बसत नाही. मी मनाशी ठरवत आणलं होतं, म्हणून टाकू किशन.

तारखेच्या आदल्या दिवशी राधा आली. आम्ही दोघी एकाच तासाला, एकाच ओळीला कापूस वेचायचो, ती उजवीकडून, मी डावीकडून. ती दारातच बसली. किशनवर फौजदारी केस होती. गाडी जोरात चालवून बाईला जायबंदी केलं म्हणून. ती काहीतरी मागेल असं मला वाटलं. तिने माझा पाय मांडीवर घेतला, तेल चोळलं. निघताना एकच विचारलं.

"वैनी, तुमी बघितलं ना?"

"बघितलं."

"मंग झालं," म्हणाली आणि गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी मोटारसायकलवरून परभणीला निघालो. पाय सरळ पुढे ताठ ठेवून, एका बाजूला बसून. वेशीत उतरले, कुबडी टेकत पार ओलांडला, गिरणीपाशी पुन्हा बसले. जखमी झाले तरी रीत सुटली नव्हती. वाटेत माधव एकदाच बोलला. "किशनच म्हन हां." मी काय म्हणणार, ते मला अजून ठाऊक नव्हतं.

कोर्टाची खोली लहान होती. मागच्या बाकावर आबासाहेब आणि त्यांच्या शेजारी तात्या, धुतलेलं धोतर नेसून आलेले. मी पिंजऱ्यात कठड्याला धरून उभी राहिले. न्यायाधीश म्हणाले, बसून सांगा. पहिल्यांदा कुणीतरी मला बस म्हणालं.

आबासाहेबांचे वकील गोड बोलत होते. नाव, गाव, वय विचारलं. मग सहज, जसं काही वेळ विचारावी तसं :

"गाडी किशन चालवत होता, हे खरं ना?"

माझ्या वकिलाने मान हलवली. हो म्हणा. माधव दाराशी उभा होता, रुमाल मुठीत आवळून. माझ्या तोंडात "हो" आला होता. जिभेवर होता.

"हो की नाही?" वकील म्हणाले. आणि हसून न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, साधी बाई आहे, घाबरली आहे. तशीही तिला काय दिसणार? तोंडावर पदर होता."

मला ओसरी आठवली. तेच हसणं. आधी म्हणे पारावरच्यांना दिसलं नाही, कारण मी समोर होते. आता मलाही दिसलं नाही, कारण पदर होता. भर दुपारी माझी मांडी मोडली आणि ती कुणालाच दिसली नाही.

"नाही," मी म्हणाले. "किशन नव्हता."

वकिलांचं हसू जागीच राहिलं.

"पदर कुठवर होता?"

"नाकापर्यंत."

"घेऊन दाखवा साहेबांना."

मी पदर ओढला. जसा वेशीत ओढते तसाच, नाकाच्या शेंड्यापर्यंत. निळ्या पदरातून सगळी खोली निळसर झाली.

"आता सांगा," वकील म्हणाले, "काय दिसतं यातून?"

त्यांना काय माहीत? लग्न होऊन आले तेव्हापासून हे गाव मी पदरातूनच पाहिलंय. कोण कुणाच्या ओट्यावर बसतो, कोण कुणाकडे कसं बघतो. पदर आम्हाला झाकतो, समोरच्याला झाकत नाही. गावातल्या प्रत्येक सुनेला हे ठाऊक आहे. फक्त कुणी कधी विचारलं नव्हतं.

"सगळं दिसतंय साहेब," मी न्यायाधीशांना म्हणाले. "मागच्या बाकड्यावर आमचे तात्या बसलेत. सून समोर आली की मान खाली घालतो, असं त्यांनी लिहून दिलंय. मी तोंडावर पदर घेतलाय. आन् ते टक लावून माझ्याकडंच बघायलेत."

सगळी खोली मागे वळली. तात्यांची मान झटकन खाली गेली.

"आता घातली," मी म्हणाले.

न्यायाधीशांनी लिहिणाऱ्या बाईला हाताने थांबवलं आणि मला विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"आबासाहेबांचा बंटी. फोन कानाला होता." मी पदर खाली घेतला. डोक्यावरूनही काढला. विमा कंपनीचे वकील भराभर लिहायला लागले होते. म्हणजे केस लांबणार, हे मला तेव्हाच कळलं. भीती वाटत होती, अगदी मनापासून भीती वाटत होती.

बाहेर व्हरांड्यात आबासाहेब माझ्याशी बोलले नाहीत. माधवला म्हणाले, "उद्यापासून वाट बंद."

तात्या त्यांच्या मागून गेले. जाताना मला म्हणाले, "घराण्याची इज्जत कोर्टात उघडी केलीस पोरी."

"माझी मांडी उघडी पडली होती तात्या, रस्त्यावर," मी म्हणाले. "तवा कुठं होती इज्जत?"

आम्ही परत निघालो. दिवस कलला होता. गाव जवळ आलं, वेस दिसली. पार भरलेला होता. फोनवरून बातमी आधीच पोचली होती. माधवचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. माझाही चांगला पाय सवयीने खाली यायला लागला.

"थांबू नका," मी म्हणाले.

"अगं, पार हाय."

"हाय तर हाय. चालवा."

गाडी अडखळली. क्षणभर वाटलं, हा थांबतोय. मग त्याने गिअर टाकला. पदर खांद्यावर होता, तो मी ओढला नाही. पारासमोरून आम्ही सावकाश गेलो. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. एकानेही मान खाली घातली नाही. सगळे डोळे फाडून बघत होते.

निकाल लागलेला नाही. वाट बंद आहे, माल डोक्यावरून काढावा लागला. मांडी अजून वाकडीच आहे, ऑपरेशन कधी होईल सांगता येत नाही. किशनला आबासाहेबांनी कामावरून काढलं, तो आता आमच्या वकिलाकडे खरं काय ते लिहून द्यायला जाणार आहे. मधे निरोप आला होता, आबासाहेब पुन्हा बोलायचं म्हणतात, ओसरीवर या.

मी निरोप्याला सांगितलं, बोलायचं असेल तर कोर्टात. पुढच्या तारखेला मी जाईन. त्याच वेशीतून, त्याच पारासमोरून, गाडीवर बसून. जितक्या तारखा पडतील तितक्या वेळा जाईन. लंगडत पिंजऱ्यापर्यंत पोचेन आणि जे पाहिलं तेच पुन्हा सांगेन. पण आबासाहेबांच्या अंगणात मी आता चालून दाखवणार नाही.