पाळण्यातला साडू

“जमिनीला विचारलंत का?”

हे वाक्य बगळ्याचं. काचा बसवणारे घाई करू लागले की तो हेच विचारायचा. ट्रकवाला ताज्या भरावावरून गाडी काढू लागला की हेच. घरी बायको माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढली, तरी स्टूल हलवून बघत हेच. ती म्हणायची, “विचारलं. जमीन म्हणाली, तुझा नवरा फार बोलतो.”

बगळ्या हे त्याला साइटवर पडलेलं नाव. उंच, काटकुळा, पाऊल उचलायच्या आधी मान पुढे काढून खाली बघणारा. त्याचं काम बूम लिफ्ट चालवायचं. चाकांवर उभा असलेला एक लांब पोलादी हात, आणि त्या हाताच्या टोकाला कठड्याची टोपली. टोपलीत उभं राहून पेडल पायानं दाबून धरायचं आणि दांडे हळू हलवायचे. मग तो हात घड्या उलगडत जायचा आणि माणसाला नेऊन वरच्या मजल्याच्या खिडकीसमोर उभं करायचा. साइटवर त्या टोपलीला सगळे पाळणा म्हणत.

त्या पाळण्याकडे खालून बघत सगळ्यात जास्त जळणारा माणूस म्हणजे परांचीवाल्यांचा मुकादम. आणि दुखणं असं, की तो बगळ्याचा सख्खा साडू होता. थोरलीचा नवरा मुकादम, धाकटीचा बगळ्या.

मुकादमाचं सगळं आयुष्य उंचावर गेलेलं. लोखंडी पाइप, क्लॅम्प आणि फळ्या एवढ्या सामानातून तो इमारतीभोवती दुसरी इमारत उभी करायचा आणि तिच्यावरून अंगणात फिरावं तसा फिरायचा. कुठल्याही साइटवर सगळ्यात वरचं हेल्मेट त्याचं. रस्त्यानं जाताना त्याची बायको शेजारणीला बोट करून दाखवायची, “तो पिवळा ठिपका दिसतो ना, ते आमचे हे.”

मग हे मशीन आलं. मुकादमाची माणसं पाइप उतरवून घेत असायची, तेवढ्यात पाळणा वर जाऊन काच बसवून खालीसुद्धा यायचा. परांची उरली ती फक्त इमारतीच्या मागच्या भिंतीला, कारण तिथल्या अरुंद बोळात मशीन शिरत नव्हतं. पुढच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून, बगळ्या. मागे, कचऱ्याच्या ढिगाकडे तोंड करून, मुकादम. रस्त्यावरून बायकोला दाखवायला पिवळा ठिपका अजूनही होता, पण आता तो बहिणीच्या नवऱ्याचा होता.

सुट्टीच्या दिवशी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमत. एकदा सासूबाईंनी बगळ्याच्या ताटात आग्रहानं वाढत विचारलं, “जावईबापू, वरून आमचं घर दिसतं का हो?”

“दिसतं की. परवा तुम्ही चादर वाळत घातली होती, तीही दिसली. तिला मधोमध भोक आहे.”

सगळे हसले. सासूबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. मुकादम भात कालवतच राहिला. इतकी वर्षं तो वर होता. त्याच्या परांचीवरूनही हे घर, हे अंगण, ही दोरी दिसत होती. त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं म्हणजे, कुणी विचारावं असं त्यालाही तोवर वाटलं नव्हतं. आता मात्र ते वाटणं जाता जाईना.

काही दिवसांनी सेफ्टीवाल्या साहेबांनी सांगितलं, की बगळ्याला नदीपलीकडच्या साइटवर पाठवायचं ठरलंय. मशीन इथंच राहील, चालवायला माणूस हवा. मुकादमानं सगळ्यांच्या आधी हात वर केला.

साहेब म्हणाले, “चांगलंय. तुम्हाला उंचीची सवय आहे. बगळ्या शिकवेल. तो हो म्हणाला की मशीन तुमचं. नाही म्हणाला तर बाहेरून माणूस आणू.”

म्हणजे सगळं येऊन अडलं ते त्याच माणसाच्या होकारावर. मुकादमानं दात आवळले आणि “चालेल” म्हणाला.

बगळ्यानं त्याला पाळण्याजवळ जाऊसुद्धा दिलं नाही. आधी हातात एक सळई दिली आणि मशीन जिथून जाणार ती सगळी वाट ठोकत चालायला लावली. कुठं पाइपलाइनसाठी खणून नुसती माती लोटलीय, कुठं चेंबरचं झाकण पातळ आहे, कुठं उतार आहे, हे कानानं ओळखायचं. मग मशीनभोवती फेरी. खाली तेल गळलंय का, चाकं धड आहेत का, पाळण्याचं दार आपोआप लागतं का. मग खालचे दांडे, कारण वरचा माणूस अडकला तर त्याला खालूनच उतरवायचं असतं. मशीन फिरलं की त्याची पाठ बाहेर येते आणि भिंतीजवळ उभ्या माणसाला चेपू शकते, म्हणून भोवती पट्टी बांधायची. वीजतारांपासून लांब राहायचं. वारा वाढला की काचवाल्यांनी कितीही शिव्या घातल्या तरी खाली यायचं.

“साडूभाऊ, परत एकदा फेरी मारा,” बगळ्या म्हणायचा.

“आत्ताच मारली ना रे.”

“मारली. पण बघितलं नाहीत. मागच्या चाकाशी वीट पडलीय.”

मुकादम घरी येऊन फणफणायचा. “मला जमीन दाखवतोय! मी आभाळात म्हातारा झालो आणि हा मला जमीन दाखवतोय. जळतोय तो माझ्यावर. मी वर गेलो तर ह्याला कोण विचारणार?”

बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली, “कोण जळतंय ते घरभर वास आलाय. दार उघडू का जरा?”

शेवटी एकदाचा तो दिवस आला. सकाळ स्वच्छ होती, वारा पडलेला. मुकादमानं फेरी मारली, वीट उचलून बाजूला टाकली, पाळण्यात चढला आणि पाठीच्या पट्ट्याच्या दोन दोऱ्यांपैकी एकीचा हूक पाळण्यातल्या कडीला अडकवला. बगळ्यानं खालून बघून मान हलवली. साहेब उन्हात उभे होते. काचवाले वरच्या मजल्यावर वाट बघत होते.

पाळणा उठला. मुकादमाचा हात खरंच हलका होता. दांडा असा हलवायचा की पाळण्यातला पाण्याचा ग्लासही डचमळू नये. मजले खाली सरकले, रस्ता दिसला, रस्त्यावरची माणसं दिसली. कितीतरी दिवसांनी तो इमारतीच्या पुढच्या बाजूला होता. त्याचा ऊर भरून आला. कुणीतरी वर बघावं असं त्याला फार वाटलं.

वरच्या तुळईशी पाळणा थांबला. तुळईला एक क्लॅम्प घट्ट करायचा होता. मुकादमानं हात लांब केला, आणि त्याच क्षणी त्याच्या दुसऱ्या हातानं पाठीमागं जाऊन कडीतला हूक काढला आणि तुळईला अडकवला. त्याला कळलंसुद्धा नाही. परांचीवर सगळं आयुष्य त्यानं हेच केलं होतं. ज्याच्यावर उभे आहोत त्याचा भरवसा धरायचा नाही, पट्टा इमारतीला बांधायचा. त्याच सवयीनं तो आजवर जिवंत राहिला होता.

क्लॅम्प घट्ट झाला. खालून बगळ्यानं हात केला, मागे घ्या.

मुकादमानं पेडल दाबलं, दांडा ओढला. पाळणा इमारतीपासून दूर निघाला. इमारत जागची हलली नाही. दोरी ताठ झाली, खांद्यांना हिसका बसला आणि कठडा पोटात रुतला. त्याचे पाय पाळण्याच्या तळावरून सुटले, पेडल सुटलं, आणि पेडल सुटलं म्हणून मशीन थांबलं. तो कठड्यावर अर्धा आत, अर्धा बाहेर ओणवा. पोलादी हात तेवढ्यानंही डुलत राहिला आणि दर हेलकाव्याला त्याला आणखी थोडं बाहेर खेचू लागला.

“काही करू नका!” बगळ्याचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, पण सगळ्या साइटला ऐकू गेलं. “हात कठड्यावर. दांड्याला हात लावू नका. मी आणतो.”

काचवाल्यांपैकी एक जण वरून म्हणाला, “अरे, खाली घे त्याला लवकर!”

“खाली घेतला तर दोरी त्याला ओढून बाहेर काढेल. गप बस.”

बगळ्या खालच्या दांड्यांपाशी होता. त्यानं पाळणा खाली आणला नाही. तो पुन्हा इमारतीकडे न्यायला लागला, झोपलेल्या पोराला कूस बदलून द्यावी इतका हळू. थांबायचा, डुलणं शांत होऊ द्यायचा, पुन्हा थोडा. दोरी सैल पडली. मुकादमाचे पाय तळाला टेकले.

“आता श्वास घ्या. पट्ट्याचा दुसरा हूक आधी कडीला लावा. लावला? ओढून बघा. आता तुळईवरचा काढा.”

खाली आल्यावर मुकादमानं पट्टा सोडला. तो मशीनच्या सावलीत बसला. साहेब जवळ येत होते, त्यांच्या आधी त्यानं बगळ्याचा हात धरला.

“साहेबांना सांगणार तू?”

“त्यांनी बघितलंय. का झालं ते मी सांगणार.”

“साडू असून?”

“साडू नसता तरी सांगितलं असतं.” बगळ्यानं त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली. “साडू आहात, म्हणून माझे हात अजून कापतायत.”

साहेबांना त्यानं सगळं सांगितलं. आणि मशीन द्यायचं का, असं विचारल्यावर म्हणाला, “आज नाही. मला आणखी दिवस द्या.”

मुकादमानं पाण्याला तोंड लावलं नाही.

पुढच्या सुट्टीला सासूबाईंकडे जाताना तो मनात भांडण तयार करूनच निघाला. बगळ्या तिथं सगळं सांगणार, दोघी बहिणी ऐकणार, मग आपणही ठेवणीतलं काढायचं. पण जेवण निम्मं झालं तरी बगळ्या नुसता मिठाचं भांडं मागत होता. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, “काय हो, थोरल्या जावयांचं शिकणं कुठवर आलं?”

“चाललंय,” बगळ्या म्हणाला. “हात फार हलका आहे त्यांचा. माझा पहिल्या वर्षी नव्हता एवढा.”

सासूबाई कौतुकानं मुकादमाकडे वळल्या. त्याला ते कौतुक अंगावर उकळतं पाणी पडावं तसं लागलं. जीव ह्यानंच वाचवायचा, झाकूनही ह्यानंच घ्यायचं, वर स्तुतीही ह्यानंच करायची! उंची घेतली, रस्त्याकडची बाजू घेतली, आता चांगुलपणाही हा एकटाच खाणार? त्यानं ताट पुढे सरकवलं.

“मी पट्टा इमारतीला लावला होता,” तो मोठ्यानं म्हणाला. “पाळणा मागे घेतला. अर्धा बाहेर लोंबत होतो. ह्यानं मला परत आत घातलं, नाहीतर आज तुम्ही इथं जेवत नसता. सांग की आता! गप्प का बसलास?”

 बगळ्याची मान खाली. मुकादमाची बायको उठली, आत गेली, आणि भांडी घासल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

परत येताना वाटेत ती एवढंच म्हणाली, “पुन्हा पहिल्यापासून शिका त्याच्याकडं. ते जमत नसेल तर उद्यापासून कामावर जाऊच नका. मला पिवळा ठिपका नको, माणूस हवा.”

मुकादम पुन्हा शिकला. सळई ठोकत फिरला, फेऱ्या मारल्या. बगळ्यानं एक वेगळाच अभ्यास काढला. पाळणा जमिनीपासून हातभर उचलायचा, भिंतीशी न्यायचा आणि मुकादमाला भिंतीला हात लावायला सांगायचा. त्याचा दुसरा हात आपोआप पाठीमागं कडीकडं गेला, की बगळ्या नुसता खाकरायचा. दिवसभर खाकरून त्याचा घसा बसला. काचवाले म्हणाले, “बगळ्याला सर्दी झाली वाटतं.” हळूहळू तो हात जायचा थांबला. मग एका दुपारी बगळ्या साहेबांकडे गेला आणि हो म्हणाला.

त्या दिवशी मुकादमाला आनंद झाला नाही असं नाही. पण त्याच दुपारी त्याला काचवाल्यांकडून कळलं, की नदीपलीकडच्या साइटवरचा पाळणा ह्याच्या दुप्पट उंच जातो. संध्याकाळपर्यंत तो त्यावरच कुढत होता.

बगळ्याचा शेवटचा दिवस आला तेव्हा मुकादम वर होता, एका काचवाल्याला घेऊन. हूक कडीत होता. खाली बगळ्या सगळ्यांचा निरोप घेत होता. त्यानं हेल्मेट काखेत मारलं, पिशवी खांद्याला लावली, गेटवरच्या पहारेकऱ्याशी काहीतरी बोलून हसला आणि कुंपणाच्या कडेकडेनं चालू लागला. वरून तो अगदी बारीक दिसत होता, तरी चाल ओळखू येत होती, मान पुढे, पाऊल जपून. मुकादम वाट बघत होता, की हा आता वळून वर बघेल. मग आपण हात करायचा की नाही, हेही त्यानं ठरवलं नव्हतं.

बगळ्या वळला नाही.

“मुकादम, पुढची काच घ्यायची ना?” काचवाल्यानं विचारलं. “साडू चालले वाटतं तुमचे.”

“जाऊ दे त्याला. त्याचं काय.”

पण रस्त्याच्या टोकाला बगळ्या दिसेनासा होईपर्यंत मुकादमानं पेडलवर पाय ठेवला नाही.